पोसोल: मका-कोकोचं पेय आणि १९९९चं पेटंट

दक्षिण मेक्सिकोतल्या चियापास आणि ताबास्को या राज्यांत दुपारचं ऊन तापलं की लोक पोसोल पितात. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका आणि भाजलेला कोको एकत्र दळून केलेला गोळा थंड पाण्यात कालवला की पेय तयार. कोको न घालता केलेला गोळा केळीच्या पानांत गुंडाळून काही दिवस ठेवला तर तो आंबतो. तिथल्या मूळनिवासी माया समाजातल्या कुटुंबांत हा आंबट पोसोल जुलाबावर आणि तापात देण्याची रीत आहे.

आंबलेला गोळा नासत नाही, हे बाहेरच्यांनाही फार पूर्वीच दिसलं होतं. प्रवासी आणि खलाशी तो बरोबर नेतात, तो महिनोन्‌महिने टिकतो, फक्त आंबट होतो, असं १६व्या शतकात आग्नेय मेक्सिकोतल्या युकातानमधल्या एका स्पॅनिश धर्मगुरूने लिहून ठेवलं. सणासुदीला मका आणि कोकोचं फेसाळ पेय करतात, हेही त्यानेच नोंदवलं. पुढे विसाव्या शतकात मेक्सिकन संशोधकांना आंबलेल्या पोसोलमध्ये मूळ मक्यापेक्षा जास्त प्रथिनं आढळली.

खरा वाद पेटला तो १९९९ मध्ये. पोसोलमधून वेगळ्या काढलेल्या, बुरशी आणि इतर जिवाणूंना रोखणाऱ्या एका जिवाणूवर अमेरिकेत पेटंट मिळालं. ते घेणारे होते एक युरोपीय कंपनी आणि अमेरिकेतलं एक विद्यापीठ. हळदीचं प्रकरण तेव्हा ताजं होतं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट भारतीय वैज्ञानिकांनी १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, कारण त्यांच्याकडे संस्कृत ग्रंथाचा आणि १९५३च्या शोधनिबंधाचा छापील पुरावा होता. तोच मार्ग पोसोलला का मिळाला नाही? एक तर अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातलं ज्ञान छापील असेल तरच ते आधीपासून माहीत असलेलं, म्हणजे पेटंटच्या आड येणारं, धरलं जाई. चियापासच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेलं ज्ञान त्यात बसत नव्हतं. शिवाय दावा पेयावर नव्हताच. तो प्रयोगशाळेत वेगळ्या केलेल्या जिवाणूवर होता. कायद्याच्या अक्षरात हा फरक चोख बसतो. पण तो जिवाणू ज्यात सापडला ते आंबवणं कोणाचं, हा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि माया वैदूंच्या संघटनांचं दुखणं तेच होतं.

त्याच सुमारास चियापासमधल्या औषधी वनस्पतींचा एक मोठा संशोधन प्रकल्प अमेरिकी निधीतून सुरू झाला होता. गावागावांतून घेतलेली संमती पुरेशी आहे की सगळ्या समाजाच्या वतीने कोणी हो म्हणायला हवं, यावर तो अडला आणि २००१ मध्ये बंद पडला. पोसोलचं उदाहरण विरोधकांच्या तोंडी होतंच.

मे २०२४ मध्ये जिनिव्हात झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, जैविक सामग्री कुठून आणली आणि तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान कोणाचं, हे पेटंटच्या अर्जात सांगणं, तो लागू झाल्यावर, तो मान्य करणाऱ्या देशांत बंधनकारक ठरतं. तो पूर्वलक्षी मात्र नाही, त्यामुळे पोसोलसारखी जुनी प्रकरणं त्याच्या कक्षेबाहेरच राहतात.