माहजाँगचा संच दुरुस्तीला देण्यापूर्वी

माहजाँग या चिनी खेळाच्या सोंगट्यांचा संच घेऊन तुम्ही दुकानात आलात की आम्ही डबा लगेच उघडत नाही. आधी विचारतो, हा तुमच्याकडे आला कुठून? काहींना ही नसती चौकशी वाटते. "अहो, दोन सोंगट्या हरवल्यात, तेवढ्या करून द्या की," असं म्हणतात. (टाइल म्हणा, ठोकळा म्हणा. सावंतवाडीत आमच्या तोंडी सोंगटीच बसली आहे.) आम्ही का विचारतो, ते या पत्रकात लिहिलं आहे.

मागे एक बाई हाडाचा संच देऊन गेल्या. सोंगट्यांवर पिवळे डाग होते. हाडाला बारीक छिद्रं असतात, त्यामुळे रंग आत मुरतो. आमच्या मुलानं दोन दिवस खपून सगळ्या सोंगट्या पांढऱ्या केल्या. बाई आल्या, एक सोंगटी उलटसुलट करून पाहिली, पैसे दिले आणि गेल्या. नंतर कधीतरी फोनवर बोलता बोलता म्हणाल्या, ती हळद होती. त्यांची आई फोडणी देता देता मधेच पडवीत येऊन डाव टाकून जायची, पदराला हात पुसून. तेव्हापासून विचारल्याशिवाय ओलं फडकंसुद्धा लावायचं नाही, असा आमच्याकडे दंडक आहे.

कोकणात हा चिनी खेळ आला तो बहुतेक पाण्यावरून. रत्नागिरीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या बोटीवर जात आली. कोणी हाँगकाँगहून रेडिओ आणला, कोणी कपबशा, एखाद्यानं हा डबा. दुसरी वाट लष्करातली. नौदल आणि हवाई दलातल्या अधिकाऱ्यांच्या बायकांमध्ये माहजाँग चांगलंच मुरलेलं आहे. बदल्यांबरोबर ट्रंकेतून फिरलेले असे संच निवृत्तीनंतर गावच्या घरी येऊन पडतात. त्यांच्या झाकणाच्या आत पुष्कळदा पेन्सिलीनं लिहिलेले गुण सापडतात. ते पुसायचे की ठेवायचे, हे तुम्ही सांगा.

हर्णैकडच्या एका काकांचा संच मात्र आम्हाला पाठ झाला आहे. त्यांचे वडील बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. खेळात चार दिशांचे चार वारे असतात. या घरात पूर्वेच्या वाऱ्याला मतलई म्हणतात आणि पश्चिमेच्याला खारा. किनाऱ्यावर राहणाऱ्याला आणखी काय सुचणार! पण पूर्वेला बसणाऱ्याच्या उजव्या हाताला दक्षिण येते, हे सारंगांना शेवटपर्यंत पटलं नाही. होकायंत्राप्रमाणे तिथं उत्तर हवी. चिन्यांनी पाट उलटा मांडलाय म्हणून ते दर डावाला कुरकुरत आणि खेळत. बांबू नावाच्या गटातल्या एक्क्यावर पक्षी असतो, बऱ्याच संचांत मोरासारखा. यांच्याकडे तो कोंबडा.

त्याच संचात सात बांबूची एक सोंगटी फणसाच्या लाकडाची आहे. मूळची विहिरीत पडली, म्हणून मामानं तासून दिली. बाकीच्यांची पाठ बांबूची आणि हिची पिवळसर तपकिरी, त्यामुळे ती कोणाकडे आहे हे समोरून सगळ्यांना दिसतं. नियमानं बघायचं तर असा संच खेळायला बाद. या घरानं तोड काढली. फणस ज्याच्या हाती येईल, त्यानं डाव संपल्यावर उठून चहा टाकायचा. काका दुसऱ्याच सोंगटीसाठी आले होते. जाताना बजावून गेले, फणसाला हात लावायचा नाही. त्यांनी सांगितलं नसतं, तर आम्ही ती हौसेनं बदलली असती.

आता कामाचं. येण्याआधी सोंगट्या मोजा. वर्तुळं, बांबू आणि अक्षरं या तीन गटांत एक ते नऊ, प्रत्येकी चार, म्हणजे १०८. वारे १६, ड्रॅगन १२ (लाल, हिरवे, पांढरे, प्रत्येकी चार), फुलं आणि ऋतू मिळून ८. एकूण १४४. अमेरिकेहून आलेल्या संचात जोकर असतात, ते वेगळे. पुष्कळजण सांगतात, "पांढरा ड्रॅगन आठ वेळा आलाय, जास्तीचे कुठून आले?" पांढऱ्याची सोंगटी पुष्कळदा कोरीच असते, म्हणून फसगत होते. जास्तीचे चार ड्रॅगन नव्हेत. बऱ्याच संचांबरोबर चार कोऱ्या सोंगट्या जादा येतात, हरवल्याची भरपाई म्हणून. अशी एखादी असेल तर काम निम्म्यावर येतं. तिच्यावरच चित्र कोरतो, रंग भरतो आणि वरचा पुसून घेतो. खाचेत उरतो तेवढाच रंग. कोरी नसेल तर हाड आणि बांबू जोडून नवी करावी लागते. त्याला वेळ लागतो आणि नवीकोरी सोंगटी जुन्यांत थोडी उठून दिसते. चहा-कॉफीत बुडवून खोटं जुनंपण आणायचं काम आम्ही करत नाही.

संच कशाचा आहे ते आम्ही बघून सांगू. घरी तापलेली सुई टोचून बघू नका. हाडावर भिंगातून बारीक काळसर ठिपके आणि रेघा दिसतात. मधाच्या रंगाच्या गुळगुळीत सोंगट्या बहुधा बेकेलाइट या जुन्या प्लास्टिकच्या जातीच्या. त्या मुळात फिकट असतात आणि वयानं पिवळ्या होतात, मळानं नव्हे. ब्लीच तर लावूच नका. हस्तिदंत निघालं तर संच परत देऊ. त्याच्या व्यापाराला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे आणि आम्हाला त्या भानगडीत पडायचं नाही.

काही घरांत सोंगट्या हाडाच्या आहेत कळल्यावर आजी त्यांना माजघरात येऊ देत नाही. त्याला आमच्याकडे इलाज नाही. पडवीत खेळा.

पावसाळा हा खरा वैरी. बांबू पाणी ओढतो, फुगतो आणि हाडाशी असलेला खाचेचा सांधा ढिला पडतो. सांध्यातून पिवळट पीठ गळू लागलं तर कीड आहे, ताबडतोब घेऊन या. बुरशी आली तर कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. आणि पाऊस उघडला म्हणून सोंगट्या अंगणात सुपात वाळत घालू नका. कडक उन्हानं हाड तडकतं. डांबराच्या गोळ्याही नकोत. तो वास बांबूत बसला की दोन वर्षं डावाला बसलेले शिंकत राहतात.

संच डब्यासकट आणा, झाकण फुटलेलं असलं तरी. आमच्या कागदावर एक रकाना मोकळा आहे. घरात कोणत्या सोंगटीला काय म्हणतात, ते त्यात लिहा. श्रावणात संच ठेवून घेऊ, पण काम गणपतीनंतर. रंगाचे हात तेव्हा गणपतीच्या शाळेत अडकलेले असतात.