विरळ वायूतला आघाततरंग आणि नाशिकचा हवेचा दाब

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये शॉक ट्यूबचा, म्हणजे आघाततरंग निर्माण करणाऱ्या नळीचा, सांगाडा सहज तयार होईल. स्टेनलेस स्टीलचा लांब पाइप, फ्लँज, ओ-रिंग आणि मध्ये पातळ पडदा. पडद्याच्या एका बाजूला दाबाखालचा हेलियम, दुसऱ्या बाजूला तपासायचा विरळ, म्हणजे अगदी कमी दाबाचा, वायू. पडदा फाटला की विरळ वायूतून ध्वनीच्या कैकपट वेगाने आघाततरंग (शॉक वेव्ह), म्हणजे दाब एकदम वाढवणारी लाट, धावतो. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८९९ मध्येच अशी नळी वापरली होती.

खरा कस लागतो तो विरळपणामुळे. नेहमीच्या हवेत दोन टकरींमध्ये रेणू मिलिमीटरचा दहा-पंधरा हजारावा भाग जेमतेम कापतो; १ पास्कल दाबाला तोच सुमारे ७ मिलिमीटर जातो. त्यामुळे तरंगाची जाडी वाढते आणि तिच्या आत डोकावता येतं. पण भिंतीलगतचा मंदावलेला थरही झपाट्याने जाड होतो, तरंगामागचा तापलेला वायू आखूड पडतो. म्हणून नळी रुंद हवी.

विरळ बाजूची गळती शोधायची तर हवा उपसणाऱ्या पंपाची झडप बंद करून दाब पाहत बसावं. तो एकसारखा चढत राहिला तर फट आहे. चढता चढता मंदावला तर भिंतीला चिकटलेली वाफ सुटते आहे. पावसाळ्यात नळी उघडी राहिली की हा दुसरा त्रास हमखास होतो.

हेलियमच्या बाजूचा साधा गेज बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे तेवढंच दाखवतो; खऱ्या दाबासाठी त्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवावा लागतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथला दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास असतो. हवामानाच्या बातमीतला आकडा समुद्रसपाटीला जुळवलेला असतो; तो बेरजेत धरला तर हिशेब चुकलाच. विरळ बाजूला निरपेक्ष दाब, म्हणजे पूर्ण पोकळीपासून धरलेला दाब, मोजणारा गेजच लागतो.

वेग मोजायला नळीच्या भिंतीत काचेवर प्लॅटिनमचा पातळ थर दिलेले दोन सेन्सर बसवतात. गरम वायू पोचताच थराचा विद्युतरोध बदलतो. २७ अंश सेल्सिअसच्या आर्गॉनमध्ये ध्वनीच्या तिप्पट वेगाचा तरंग अर्धा मीटर सुमारे ५१७ मायक्रोसेकंदांत पार करतो. वेळेत ५ मायक्रोसेकंदांची चूक झाली तर वेग १ टक्क्याने चुकतो, आणि त्यावरून काढलेला दाब जवळपास २ टक्क्यांनी.

पहिले शॉट, म्हणजे पडदा फाडून केलेले प्रयोग, आर्गॉनवरच घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. त्याचे अणू सुटे असल्याने ऊर्जा रेणूंच्या फिरण्या-थरथरण्यात वाटली जात नाही. तिप्पट वेगाला दाब ११ पट आणि तापमान सुमारे ८२७ अंश सेल्सिअस, हे कागदावरच निघतं. सेन्सरचे आकडे याच्याशी जुळेपर्यंत नळीत हवा भरू नये.