पेशंटचं मनही दुखत असतं: घरच्यांसाठी थोडी माहिती

नमस्कार. आमच्याकडून पेशंटची काळजी घ्यायला मावशी किंवा मामा तुमच्या घरी येतात तेव्हा कामं ठरलेली असतात, स्पंजिंग, डायपर, दर दोन तासांनी कूस बदलणं, औषधं, बेडसोर होऊ नये म्हणून पाठीची काळजी. ते तर आम्ही करतोच. पण कॅन्सर, पॅरालिसिस, स्मृतिभ्रंश असं लांबलेलं दुखणं ज्या घरात आहे तिथे पुढे पुढे वेगळेच प्रश्न येतात, आजी घास तोंडातच धरून बसते, आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, कोणी रात्रभर हाका मारत राहतं. मग घरचे म्हणतात वय झालंय, चालायचंच. आम्हाला हे पटत नाही. हेही दुखणंच आहे आणि त्यावर करण्यासारखं बरंच काही असतं.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई आधी नर्स होत्या, नंतर डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. त्यांचं म्हणणं होतं की पेशंटचं दुखणं एकट्या शरीराचं नसतं, त्यात भीती असते, घरची काळजी असते, पैशाची चिंता असते आणि माझ्याच वाट्याला हे का हा प्रश्नही असतो. आपल्याकडे मुंबईत बांद्र्याला शांती आवेदना सदन हे असंच हॉस्पिस 1986 ला सुरू झालं, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर 1997 ला. दोन्हीकडे पैसे घेत नाहीत. पॅलिएटिव्ह म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी. डॉक्टरांनी हात टेकले असा त्याचा अर्थ अजिबात नाही, चालू ट्रीटमेंटबरोबरही ही काळजी घेता येते, आणि जितकी लवकर सुरू होईल तितकं पेशंटला बरं.

सगळ्यात आधी अंगदुखी. कळा येत असताना माणूस ना धड बोलू शकतो ना देवाचं नाव घेऊ शकतो. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं की घरात एकदम रडारड होते, आता शेवट आला म्हणून. तसं नसतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्याच्या मानाने दिलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. संडासला मात्र हमखास घट्ट होते, त्यामुळे पोट साफ व्हायचं औषध सोबत लागतंच, ते मागून घ्या.

दुसरी गोष्ट, कालपर्यंत नीट बोलणारा माणूस एक-दोन दिवसांत बरळायला लागला, कोपऱ्यात कोणी उभं आहे म्हणाला, दिवसा झोपून रात्री उठून बसायला लागला तर त्याला बाहेरचं झालंय असं धरून बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, लघवी तुंबणं, बरेच दिवस संडास न होणं, सोडियम कमी होणं, एखादं नवीन औषध, ह्यातलं काहीही असू शकतं आणि पुष्कळदा ते बरं होतं. दृष्ट काढायची तर जरूर काढा, पण आधी डॉक्टरांना फोन करा.

आता बोलण्याबद्दल. आजी म्हणते, "पांडुरंगा, ने रे मला आता." लगेच आपण म्हणतो, "असं अभद्र बोलू नये, तू शंभर वर्षं जगणारेस." प्रेमापोटीच म्हणतो, पण आजीचं बोलणं तिथंच थांबतं. आम्ही आमच्या मावशींना शिकवतो की खुर्ची ओढून शेजारी बसा आणि विचारा, "काय झालं आज्जी, आज कशानं असं वाटतंय?" मग कळतं की काल डायपर बदलताना सून थकून बोलली ते मनाला लागलंय, किंवा धाकट्या मुलाशी अबोला आहे आणि तो राहून जाईल ह्याची भीती आहे. भेट घडवून आणता येते, नाहीच जमलं तर फोन लावून देता येतो. मात्र जीव द्यायची भाषा असेल किंवा गोळ्या साठवलेल्या सापडल्या तर त्यांना एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना आणि आम्हाला सांगा. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असतो.

"बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका" असं बरेच जण पहिल्या दिवशीच बजावतात. आम्ही आपणहून काही सांगणार नाही. पण बाबांनीच विचारलं तर आमचा माणूस खोटंही बोलणार नाही, तो विचारेल की तुम्हाला काय वाटतंय, आणि तुम्हाला कळवेल. बहुतेक वेळा पेशंटला अंदाज आलेला असतो आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना जपत गप्प बसतात, त्यात बँकेचे कागद राहतात आणि व्हेंटिलेटर लावायचा की नाही हेही विचारायचं राहून जातं. ती इच्छा आधी लिहून ठेवायला सुप्रीम कोर्टाने 2018 ला मान्यता दिली आणि 2023 ला पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

देवाधर्माचं ज्या घरचं जसं असेल तसं. हरिपाठ, बुद्धवंदना, नमाजसाठी पलंगाची दिशा, सगळं सांभाळू. ख्रिश्चन घरांत फादरना बोलवायला उशीर करतात, पेशंट घाबरेल म्हणून, पण पवित्र तेल लावून प्रार्थना करायचा तो तैलाभ्यंग संस्कार फक्त शेवटच्या घटकेसाठी नसतो, गंभीर आजारातही देतात. काही जण देव मानतच नाहीत, त्यांना जुनी नाट्यगीतं किंवा नातवाशी बुद्धिबळ पुरतं. आमचा माणूस स्वतःची श्रद्धा कोणावर लादणार नाही, लादली तर लगेच आम्हाला सांगा. आणि एक कळकळीची विनंती, खोलीत ऑक्सिजन चालू असेल तर निरांजन, उदबत्ती, धूप तिथे अजिबात नको, आग भडकू शकते आणि धुराने दमही वाढतो. बॅटरीचा दिवा लावा, आरती बाहेरच्या खोलीत करा. उपवास करायचा असेल तर शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिनचं डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

स्मृतिभ्रंश असलेल्या आजी गेलेल्या नवऱ्याबद्दल "हे कधी येणार?" विचारतात तेव्हा ते वारले हे दरवेळी नव्याने सांगू नका, त्यांना ते दरवेळी पहिल्यांदाच कळतं. आजोबांना चहा कसा लागायचा ते विचारा, त्या बोलत राहतील. परदेशातून व्हिडिओ कॉल करणाऱ्यांनी "ओळखलंस का?" अशी परीक्षा घेऊ नये, "आई, मी सुनील बोलतोय" असं स्वतःच नाव सांगून सुरुवात करावी, आणि वेळ शक्यतो पेशंटच्या सकाळची ठेवावी, संध्याकाळी गोंधळ वाढलेला असतो.

जी बाई रात्रंदिवस करते, बहुतेक सून किंवा मुलगी, तिची झोप मोडलेली असते आणि चिडचिड झाली की तिलाच अपराधी वाटतं. आठवड्यातून एक दुपार तरी तिने घराबाहेर पडावं, तेवढ्यापुरता माणूस आम्ही देतो.

पहिल्या दिवसाआधी आमच्याकडून फोन येईल, तेव्हा एवढं सांगा: त्यांना घरात काय हाक मारतात, आयुष्यभर काय काम केलं, गाणी कोणती, कशाची भीती वाटते, कोणाला भेटायचंय. ह्याचा वेगळा चार्ज नाही. पेशंटची ज्या मावशीशी गट्टी जमते तिला आम्ही शक्यतो बदलत नाही, आणि बदलायची वेळ आलीच तर नवीन मावशी एक दिवस आधीच्या मावशीबरोबर येऊन बसते.