गृहभेट (संत विन्सेंट डी पॉल सोसायटी)

गरजू कुटुंबाच्या घरी दोघांनी मिळून नियमित जाणे, अडचण ऐकून घेणे आणि ती सुटेपर्यंत संबंध टिकवणे, अशी कॅथलिक प्रापंचिकांची (धर्मगुरू वा व्रतस्थ नसलेल्या श्रद्धावंतांची) सेवापद्धत. शेजारप्रीतीची आज्ञा आणि मत्तयकृत शुभवर्तमानातील २५ वा अध्याय (भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची विचारपूस) हा तिचा आधार. धान्य, औषध, फी या गोष्टी भेटीचे निमित्त असतात. मुख्य काम भेटीचेच. ही पद्धत चालवणाऱ्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शाखा मुंबई आणि वसईकडच्या अनेक धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या हद्दीत) आहेत. शाखेला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात.

१८३२ मध्ये पॅरिसला पटकीच्या साथीने झोडपले. त्या काळात विद्यार्थ्यांच्या एका चर्चामंडळात ‘चर्चने पूर्वी पुष्कळ केले असेल, आज काय करते?’ असा सवाल कॅथलिक तरुणांना टाकला गेला. त्यातून विद्यार्थी फ्रेडरिक ओझानाम आणि त्याचे सोबती २३ एप्रिल १८३३ रोजी एकत्र आले आणि सोसायटी सुरू झाली. त्या दिवशी ओझानामला वीस वर्षे पूर्ण झाली. उत्साह भरपूर, अनुभव शून्य. मूफतार वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू यांनी त्यांना घरे दाखवली आणि गरिबाच्या दारी कसे वागावे हे शिकवले. सतराव्या शतकात गरिबांची सेवा करणारे फ्रेंच धर्मगुरू संत विन्सेंट डी पॉल यांचे नाव संस्थेने घेतले. ओझानाम यांना १९९७ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.

भेटीला दोघे जातात. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसते, आणि एकट्या माणसाची मर्जी हाच निकष होत नाही. शक्यतो आधी कळवून जावे. स्वयंपाकाची किंवा मुलांच्या अभ्यासाची वेळ टाळावी. बसायला सांगितले तर बसावे, पुढे केलेला चहा नाकारू नये. देणे फक्त आपल्याच बाजूने असले की समोरच्याची मान खाली जाते. घरमालकाचे थकलेले भाडे, औषधांची चिठ्ठी, रेशन कार्ड, शाळेची फी हे बोलण्याच्या ओघात समजून घ्यावे. समोर वही उघडली की घरभेटीची चौकशी होते. मुलांना वडिलांच्या कमाईबद्दल विचारू नये. फोटो तर नकोच.

जागेवर मोठे वचन देऊ नये. शाखेच्या बैठकीत माहिती मांडून मदत ठरते. प्रार्थना व आध्यात्मिक वाचन झाल्यावर इतिवृत्त, हिशेब, भेटींचा वृत्तांत असा साधारण क्रम असतो. बैठकीतच गुप्त वर्गणी होते: बंद पिशवी हातोहात फिरते, प्रत्येक जण मूठ आत घालतो. त्या आठवड्यात ज्याच्याकडे काही नाही, त्याचीही मूठ आत जाते, त्यामुळे कोणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नाही. खजिनदार फक्त एकूण रक्कम सांगतो. दानशूरांच्या नावांच्या पाट्या लावणाऱ्या आपल्याकडे ही रीत विशेष उठून दिसते.

पद्धत बिघडते ती बहुधा सवयीने. किराणा दारात ठेवून परतणे हा सर्वांत नेहमीचा दोष. सामान पोहोचते, भेट होत नाही. दुसरा, तेच कुटुंब वर्षानुवर्षे यादीत राहणे. म्हणून सुरुवातीलाच विचारावे, की कशाची सोय झाली तर हे घर स्वतःच्या पायावर उभे राहील: शिलाई मशीन, हातगाडी, की अडलेला दाखला? तिसरा, मदतीबरोबर उपदेश देणे. दारू पिणाऱ्या नवऱ्यामुळे बायको-मुलांचे धान्य बंद करणे म्हणजे शिक्षा चुकीच्या माणसाला. धर्म, जात किंवा मिस्साला (चर्चमधील मुख्य उपासनेला) हजेरी ही मदतीची अट असू शकत नाही. सोसायटीचा नियमच तसा आहे.

घरात कळलेली गोष्ट बैठकीबाहेर जाऊ नये. लहान धर्मग्रामात हे फार अवघड जाते, कारण सभासद आणि कुटुंब रविवारी एकाच बाकावर बसतात. घरातील मारहाण, मानसिक आजार, सावकारी कर्ज अशी प्रकरणे मात्र सदिच्छेवर सोडू नयेत. अशा वेळी त्या व्यक्तीच्या संमतीने डॉक्टर, समुपदेशक किंवा वकिलाकडे सोबत जावे आणि त्या काळातही भेटी चालू ठेवाव्यात.