तीन सर्व्हर कशासाठी? शोधप्रणालीविषयी ग्राहकांसाठी माहिती

आपल्या शोधसेवेचे एका सर्व्हरवर भागत असताना आम्ही तीन सर्व्हरचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा गट, का सुचवतो, असे ग्राहक अनेकदा विचारतात. खर्च वाढत असल्याने हा प्रश्न रास्त आहे.

आम्ही वापरत असलेल्या इलॅस्टिकसर्च प्रणालीत इंडेक्सचे, म्हणजे शोधता येण्याजोग्या नोंदींच्या संग्रहाचे, शार्ड नावाचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक मूळ शार्डची एक प्रत, म्हणजे रेप्लिका, दुसऱ्या सर्व्हरवर ठेवली जाते. नवी नोंद मूळ शार्डमध्ये लिहून झाली की ती अद्ययावत प्रतींकडे जाते आणि त्यांचाही होकार आल्यानंतरच नोंद झाल्याचे कळवले जाते. म्हणूनच मूळ शार्ड असलेला सर्व्हर अचानक बंद पडला, तरी प्रतीला मूळ शार्डचा दर्जा मिळून शोध चालू राहतो.

अशा वेळी क्लस्टरची स्थिती हिरव्याऐवजी पिवळी दिसते. पिवळा रंग म्हणजे माहिती पूर्ण आहे, पण एखादी प्रत कमी आहे. तो पाहून घाईने उरलेले सर्व्हर बंद-चालू करू नयेत, कारण खरे नुकसान बहुधा त्यातूनच होते. बंद पडलेला सर्व्हर परत येईल या अपेक्षेने प्रणाली एरवी 1 मिनिट थांबते आणि मग उरलेल्या सर्व्हरवर नवी प्रत तयार करू लागते. मात्र 85 टक्क्यांहून अधिक भरलेल्या डिस्कवर ती प्रत ठेवत नाही, आणि तिघांचा भार दोघांवर आला की तो दीडपट होतो. त्यामुळे एरवी डिस्क 55 टक्क्यांपुढे जाऊ न देण्याचा आमचा आग्रह असतो.

दोनच सर्व्हर असले आणि त्यांच्यामधला संपर्क तुटला, तर समोरचा बंद पडला आहे की केवळ जोडणी गेली आहे, हे दोघांनाही कळत नाही. दोघेही स्वतःला प्रमुख मानून नोंदी घेऊ लागले, तर एकाच माहितीच्या परस्परविरोधी दोन आवृत्त्या तयार होतील. हे टाळण्यासाठी प्रमुख नोड, म्हणजे क्लस्टरचा प्रमुख सर्व्हर, बहुमताने निवडला जातो, आणि तिघांपैकी एक गेला तरी दोघांचे बहुमत शिल्लक राहते.

रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद प्रतींमधूनही तितक्याच तत्परतेने पुसली जाते. बॅकअपसाठी क्लस्टरबाहेर वेगळा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या माहितीची जपून ठेवलेली प्रत, घ्यावा लागतो, आणि तो परत उतरवून पाहिल्याशिवाय आम्ही तो हिशेबात धरत नाही.