संदर्भसंग्रहाची सुवाह्यता

संशोधनासाठी जमवलेल्या ग्रंथांच्या व लेखांच्या नोंदी आणि त्यांना जोडलेल्या फाइली (बहुतेक वेळा पीडीएफ) एका संगणकावरून दुसऱ्यावर नेल्या, तरी त्यांची जोडणी शाबूत राहावी अशा बेताने संग्रह ठेवण्याची पद्धत. झोटेरो, जॅबरेफ, एंडनोट, मेंडेली यांसारखे संदर्भ-व्यवस्थापक (अशा नोंदी व फाइली सांभाळणारे प्रोग्रॅम) वापरणाऱ्याला तिची आठवण सहसा उशिरा होते. नवा संगणक आला, जुन्यावरचे सगळे कॉपी केले, नोंदी दिसतात. पण नोंदीवर क्लिक केले की ‘फाइल सापडत नाही’.

नोंदी हलवणे मुळात सोपे आहे. लेखक, शीर्षक, वर्ष, नियतकालिक हा सगळा साधा मजकूर असतो आणि १९८५ साली आलेल्या बिबटेकपासून आरआयएसपर्यंत (दोन्ही संदर्भनोंदी लिहिण्याची मजकुरी स्वरूपे) कोणत्याही प्रचलित स्वरूपात तो एका प्रोग्रॅममधून काढून दुसऱ्यात भरता येतो. पीडीएफ हलवण्यात तर काहीच विशेष नाही. तुटतो तो दोहोंमधला दुवा. अनेक संग्रहांत नोंदीकडे फाइलचा फक्त पाथ, म्हणजे डिस्कवरचा पत्ता, लिहिलेला असतो. तो पाथ ‘सी ड्राइव्ह, अमुक वापरकर्ता, डॉक्युमेंट्स, लेख’ असा मुळापासून लिहिला असेल, तर दुसऱ्या संगणकावर वापरकर्त्याचे नाव बदलले एवढ्यानेही तो निकामी होतो. मॅक किंवा लिनक्सवर तर सी ड्राइव्ह ही वस्तूच नसते. तोच पाथ ‘संग्रहाच्या फाइलशेजारच्या लेख या फोल्डरात’ असा सापेक्ष लिहिला, तर संग्रह आणि फोल्डर एकत्र उचलून कुठेही ठेवता येतात. बाकीच्या बहुतेक युक्त्या या एका फरकावर उभ्या आहेत.

जॅबरेफमध्ये (पहिली आवृत्ती २००३) हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते, कारण त्याचा संग्रह म्हणजे कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडणारी बिबटेक फाइल. प्रत्येक नोंदीत फाइलसाठी एक रकाना असतो आणि त्यात वर्णन, पाथ व प्रकार अपूर्णविरामांनी वेगळे करून लिहिलेले असतात. पाथाच्या जागी नुसते फाइलचे नाव असेल, तर जॅबरेफ ते ठरवून दिलेल्या फोल्डरांत शोधते. हे फोल्डर त्या संग्रहापुरते ठरवता येते, शिवाय प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळेही ठेवता येते. त्यामुळे दोघांनी एकच संग्रह वापरला आणि दोघांचे पीडीएफ वेगळ्या जागी असले, तरी अडत नाही. मुळापासूनचे पाथ आधीच भरून बसले असतील, तर ‘शोधा आणि बदला’ करून ते एका झटक्यात छाटता येतात. साध्या मजकुराचा हा फायदा बंद डेटाबेसमध्ये सहसा मिळत नाही.

झोटेरोची (२००६) रचना वेगळी. नोंदी एका एस्क्यूलाइट डेटाबेसमध्ये (सगळा डेटा एकाच फाइलीत ठेवणारा प्रकार) असतात आणि जतन केलेली प्रत्येक फाइल ‘स्टोरेज’ या फोल्डरात, आठ अक्षरी-अंकी नावाच्या स्वतंत्र उपफोल्डरात जाते. ही नावे पाहून अनेकांना ते फोल्डर नीट लावून ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्या नावांवरूनच प्रोग्रॅम फाइल ओळखतो. पाथ साठवण्याचा प्रश्नच येत नसल्याने असा संग्रह हलवणे म्हणजे झोटेरो बंद करून त्याचे संपूर्ण डेटा फोल्डर नव्या संगणकावर कॉपी करणे. स्वतःच्याच फोल्डरांत लावलेल्या फाइली नुसत्या लिंक केल्या असतील, तर सेटिंगमध्ये मूळ फोल्डर सांगावे लागते आणि ते प्रत्येक संगणकावर वेगळे सांगावे लागते. मग त्यापुढचा पाथच तेवढा सापेक्ष राहतो. मात्र लिंक केलेल्या फाइली झोटेरोच्या सिंकमध्ये (इंटरनेटवरून संगणकांमधले संग्रह जुळते ठेवण्याच्या सोयीत) जात नाहीत, आणि अनेकांनी मिळून वापरायच्या गट-संग्रहात त्या चालतही नाहीत.

निर्यात करून पुन्हा आयात करणे हा मार्ग सरळ वाटतो, पण आपल्याच झोटेरोतून आपल्याच झोटेरोत जाताना तो टाळलेला बरा. आयातीत नोंदींना नव्या ओळखी मिळतात आणि अर्धवट लिहिलेल्या प्रबंधातील उद्धृते (मजकुरात घातलेले संदर्भ) जुन्या ओळखी धरून बसलेली असतात. परिणामी वर्ड प्रोसेसरमधली उद्धृते संग्रहापासून सुटतात. दुसरी फसगत टिपांची. २०२२ मधील सहाव्या आवृत्तीपासून झोटेरोमध्येच पीडीएफ उघडून वाचताना केलेल्या खुणा व टिपा पीडीएफमध्ये न जाता डेटाबेसमध्ये राहतात. नुसते पीडीएफ उचलून नेणाऱ्याच्या हाती कोऱ्या प्रती लागतात.

एंडनोटचा संग्रह म्हणजे एक मुख्य फाइल आणि त्याच नावाचे ‘डेटा’ फोल्डर अशी पारंपरिक जोडी. एकच उचलले तर जोडलेल्या फाइली मागे राहतात, म्हणून प्रोग्रॅममध्येच दोन्ही एका फाइलीत आवळून देण्याची सोय आहे. फाइल जोडताना सापेक्ष लिंक करण्याचा पर्याय निवडलेला असावा.

डेटाबेसच थेट क्लाउड-सिंकच्या फोल्डरात ठेवण्याची पद्धत रूढ आहे आणि ती धोक्याची आहे. एस्क्यूलाइट लिहीत असताना शेजारी चालू बदलांची एक तात्पुरती जर्नल फाइल ठेवते. सिंक सेवा या दोन फाइली वेगवेगळ्या क्षणी चढवू शकते, आणि दुसऱ्या संगणकावर तोच संग्रह उघडा असेल तर दोन विसंगत प्रती तयार होतात. महिनोन्‌महिने काही बिघडत नाही, म्हणून भरवसा बसतो. बिघडते तेव्हा सगळा डेटाबेस जाऊ शकतो. पीडीएफ क्लाउडमध्ये आणि डेटाबेस प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सिंकवर, ही विभागणी निर्धोक. झोटेरोत नोंदींचे सिंक मोफत आहे, फाइलींसाठी ३०० एमबी मोफत मिळतात. त्यापलीकडे पैसे भरून जागा घेता येते किंवा वैयक्तिक संग्रहासाठी वेबडॅव्ह सर्व्हर (इंटरनेटवर फाइली ठेवण्याची स्वतंत्र जागा) जोडता येतो.

फाइलींच्या नावांचा भाग किरकोळ वाटतो, देवनागरीत नावे देणाऱ्यांसाठी तो तसा नाही. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-प्रणालीत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपते. विंडोजवर बिनतक्रार राहिलेला लांबलचक शीर्षकाचा लेख लिनक्सवर कॉपीच होत नाही. ‘ऱ्हास’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे. नोंदीत एक आणि डिस्कवर दुसरे असेल तर समोर दिसणारी फाइल ‘नाही’ म्हणून सांगितली जाते. रोमन लिपीत नावे देणाऱ्यांनाही लहान-मोठ्या अक्षरांचा फरक लिनक्सवर नडतो. विंडोजवर अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह नावात चालत नाही. लेखांच्या शीर्षकांत नेमकी हीच चिन्हे सर्रास असतात. नावात वर्ष आणि एक-दोन शब्द पुरतात, बाकी सगळे नोंदीत असतेच.

स्थलांतर जमले का हे पाहताना जुनी डिस्क काढून ठेवावी लागते. ती जोडलेली असेल तर जुने पाथही चालतात आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. ती काढल्यावर जुन्या-नव्या काळातल्या काही नोंदी, त्यांतही एखादी लिंक केलेली, एखादी जतन केलेली आणि एखादी टिपा असलेली, उघडून बघाव्यात. प्रबंधाच्या फाइलीत एखादे उद्धृत अद्ययावत करून पाहावे.