जांभ्याच्या फटीतले विष आणि त्यावरचे उतारे

पेंढ्याची उडवी, जांभ्याचा गडगा, कौलांखालचा वासा, पडवीत रचून ठेवलेले सरपण. लाल विंचवाला दडायला कोकणातल्या घराभोवती जागांची वाण नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, सुट्या दगडाखाली फुरसे हा छोटा विषारी साप पडलेला असतो. भात कापताना, गवत काढताना, कलमांखालचा पाला ओढताना माणसाचा हात नेमका तिथेच जातो. इथल्या जुन्या माणसांना विचारा, विंचवाने किंवा सापाने नेलेले घरातले नाही तर वाडीतले एखादे नाव निघतेच.

याच दोन जिवांच्या विषाने वैद्यकाला, आनुवंशिकीला आणि रसायनशास्त्राला बरेच काही शिकवले. ते सारे इथल्या माणसांना माहीत असायला हवे, कारण त्यातला एक महत्त्वाचा भाग इथेच घडला.

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा विंचवाच्या दंशावर डॉक्टरांच्या हाती खात्रीचा इलाज नव्हता. गावात मंत्र टाकून विंचू उतरवत, दवाखान्यात वेदनाशामक आणि झोपेची औषधे देत, आणि तरीही धडधाकट पोरे एका रात्रीत जात. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून बघायला सुरुवात केली: आधी काय होते, मग काय होते, नाडी कधी मंदावते, कधी धावू लागते, रक्तदाब कधी चढतो. उलटी, दरदरून घाम, तोंडाला सुटलेली लाळ, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता, बर्फासारखे थंड हातपाय ही पुढच्या संकटाची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी नोंदवले. ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

ही लक्षणे का दिसतात, हे कळायला विषाच्या रसायनात शिरावे लागते. चेतापेशीच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी दारे असतात. संदेश जायचा असला की ती क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. विंचवाच्या विषातली छोटी प्रथिने या दारात पाचर ठोकतात. दार नीट मिटतच नाही आणि चेतापेशी विनाकारण संदेश सोडत राहते. विषातली दुसरी काही प्रथिने पोटॅशियमची दारे अडवून त्यात भर घालतात. भारतीय लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये वेगळे केलेले इबेरिओटॉक्सिन हे त्यांपैकीच एक. ३७ अमिनो आम्लांची ही इवली साखळी रक्तवाहिन्यांच्या स्नायूंचा अभ्यास करायला आज जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात.

या गोंधळाचा परिणाम म्हणजे शरीरात ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन यांचा लोंढा सुटतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून ते थंड पडतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, मागे साचलेल्या रक्ताचा द्रव फुप्फुसांत उतरतो. रुग्ण बसून धापा टाकू लागतो, तोंडाशी गुलाबी फेस येतो. विंचू चावून दगावणारी बहुतेक माणसे मरत ती अशी, फुप्फुसात पाणी होऊन.

एकदा ही साखळी ध्यानात आली की ती कुठे तोडायची तेही दिसते. आवळलेल्या वाहिन्या सैल करायला हव्यात. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले. ते काम करते, पण शिरेतून थेंबथेंब द्यावे लागते आणि सारखे डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. आडवळणाच्या गावातल्या दवाखान्यात ते कसे जमणार? मग आली प्राझोसिनची गोळी. रक्तदाबासाठी निघालेले हे साधे औषध. नॉरॲड्रेनलिन रक्तवाहिनीवरच्या ज्या जागेला धरून ती आवळते, ती अल्फा-१ नावाची जागाच प्राझोसिन अडवून ठेवते. १९८६ मध्ये याही कामाची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये झाली. गोळी दर काही तासांनी द्यायची, पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो म्हणून रुग्णाला आडवे ठेवायचे, आणि थांबायचे कधी ते हात लावून ठरवायचे: तळहात-तळपाय कोरडे, उबदार झाले, शिरा दिसू लागल्या की वादळ ओसरले. १९८३ पर्यंत अशा गंभीर रुग्णांतले शंभरात पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण एका टक्क्याच्या खाली आले. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या अनेक शोधनिबंधांवर पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचेही नाव आहे, तेही आवर्जून सांगायला हवे.

मला या कामात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की औषध नवे नव्हते, महाग नव्हते, कुठल्या मोठ्या संस्थेतून आले नव्हते. विष शरीरात नेमके काय करते ते पुरते समजले, आणि औषध दुकानाच्या फळीवर आधीपासूनच होते.

पुढे विंचवाच्या विषावरचे प्रतिविषही आले. ते प्राझोसिनला पूरक ठरते की नाही, हे बावस्कर पतिपत्नींनी महाडमध्येच ७० रुग्णांवर तपासले आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ जणांपैकी ८. सरासरी बघितली तर दोन्ही मिळालेल्यांना सावरायला आठ तास लागले, नुसत्या प्राझोसिनने पावणेअठरा. गोळी जीव वाचवते ती विषाचा परिणाम थोपवून. प्रतिविष रक्तातले विषच निकामी करते.

इथून पुढचा प्रश्न मात्र अवघड आहे. विंचू सगळीकडे सारखा असतो का? घाटावरचा लाल विंचू आणि कोकणातला लाल विंचू दिसायला एकाच जातीचे, पण घाटावर दंश तुलनेने सौम्य आणि कोकणात जीवघेणा, असा डॉक्टरांचा अनुभव होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही ठिकाणच्या विषांतली प्रथिने मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे एकेका रेणूचे वजन अचूक मोजून, ताडून पाहिली. दोन्ही विषांची मिश्रणे बरीच वेगळी निघाली. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे एकाच जातीचे विष इतके बदलते, ही लहान गोष्ट नाही. एका ठिकाणच्या विषावर बनवलेले प्रतिविष दुसरीकडे तेवढेच लागू पडेल, असे धरून चालता येत नाही.

विष इतके बदलते कसे, त्याचे उत्तर जनुकांत आहे. विंचवाचा पहिला संपूर्ण जनुकसंच चीनमधल्या एका जातीचा, २०१३ मध्ये वाचला गेला. त्यात प्रथिने बनवणारी ३२,०१६ जनुके सापडली. माणसात ती वीस हजारांच्या आसपास असतात. विषाची जनुके आकाशातून पडत नाहीत. शरीराच्या नेहमीच्या कामाच्या जनुकाची चुकून एक जादा प्रत तयार होते. मूळ प्रत आपले काम करत राहते, जादा प्रत बदलायला मोकळी असते. असे पुन्हा पुन्हा होऊन विषाचे अख्खे कुटुंब तयार होते, आणि कुठल्या भागात त्यातल्या कुठल्या प्रती जोरात चालतील ते बदलत जाते. सापांतही हेच घडले आहे. फुरशाच्या विषातली मांस आणि रक्तवाहिन्या कुरतडणारी मेटॅलोप्रोटिनेज ही विकरे (एन्झाइम) शरीरातल्या साध्या विकरांच्या जनुकांपासूनच निपजली.

फुरसे म्हणजे जेमतेम वीत-दोन वीत लांबीचे, मातकट रंगाचे. डिवचले की इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेटोळे करून खवले एकमेकांवर घासते, करवतीसारखा खर्रर आवाज येतो. त्याच्या विषाची ओळख पटवायला आजही ग्रामीण दवाखान्यात जी चाचणी होते, तिच्याइतकी साधी चाचणी वैद्यकात क्वचितच असेल. रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे. नळी हलवायची नाही, वीस मिनिटे तशीच उभी ठेवायची. मग हळूच तिरपी करायची. रक्त गोठून गोळा झाले असेल तर ठीक. ते पाण्यासारखे वाहिले, तर विष रक्तात भिनले आहे आणि प्रतिविष लगेच सुरू करायला हवे. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल फसवा येतो, म्हणून काच कोरी आणि कोरडी हवी.

रक्त गोठायचे का थांबते, त्यात एक विलक्षण गोष्ट आहे. फुरशाच्या विषातले इकॅरिन हे प्रथिन खरे तर रक्त गोठवण्याची प्रक्रियाच सुरू करून देते. शरीरभर बारीक गाठी धरू लागतात, गोठवणारा माल संपून जातो, आणि मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त थांबतच नाही. हे इकॅरिन आज रक्ताच्या तपासण्यांत उपयोगी पडते. त्याच विषातल्या इकिस्टॅटिन नावाच्या ४९ अमिनो आम्लांच्या प्रथिनाचा अभ्यास करून रसायनशास्त्रज्ञांनी टिरोफिबान हे औषध घडवले. ते रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेटना) एकमेकींना चिकटू देत नाही. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि हृदयविकाराच्या झटक्यात ते दिले जाते.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने अंदाजे बारा लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असे २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर घोड्यांच्या रक्तातून बनते, आणि त्यासाठीचे विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा या आदिवासी जमातीतल्या सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. त्या लोकांचे कौशल्य थोर आहे. पण रत्नागिरीच्या कातळावरचे फुरसे आणि तामिळनाडूतले फुरसे यांची विषे अगदी सारखीच असतील, याची खात्री कुणी द्यायची? आंबोलीच्या जंगलातल्या चापडा या सापाच्या विषाला तर या प्रतिविषात जागाच नाही. माझे मत स्पष्ट आहे: कोकणातल्या विंचवांचे आणि सापांचे विष कोकणातच गोळा व्हायला हवे आणि प्रतिविष त्यावर तपासले जायला हवे. हे खर्चिक असेल, पण ते टाळणे परवडणारे नाही.

जगात दुसरीकडे हालचाल जोरात आहे. २०२० मध्ये भारतीय नागाचा जनुकसंच वाचला गेला. विषाच्या ३३ कुटुंबांतली १३९ जनुके त्यात ओळखली, आणि त्यांपैकी १९ फक्त विषग्रंथीतच चालतात असे दिसले. म्हणजे प्रतिविष नेमके कशावर रोखायचे, याची यादी हाती आली. २०२४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने परदेशी सहकाऱ्यांसह एक मानवी प्रतिपिंड (अँटीबॉडी) सादर केले, जे नाग, मण्यार अशा सापांच्या चेताविषांतल्या एका मोठ्या कुटुंबाला निकामी करते. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर घडवलेल्या प्रथिनांनी त्याच जातीच्या विषापासून उंदीर वाचवून दाखवले. घोडा नाही, त्याला विष टोचून रक्त काढणे नाही.

फुरशाच्या बाबतीत मला जास्त आशा वाटते ती साध्या रसायनांची. त्याच्या मेटॅलोप्रोटिनेज विकरांच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो. तो काढून घेतला की विकर निकामी. पारा आणि आर्सेनिकच्या विषबाधेवर वापरले जाणारे डीएमपीएस हे तोंडाने घ्यायचे औषध नेमके तेच करते. आफ्रिकेतल्या फुरशाचे विष दिलेले उंदीर त्याने वाचल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे केनियात निरोगी स्वयंसेवकांवर त्याची चाचणी झाली. वारेस्प्लॅडिब हे दुसरे औषध, तेही तोंडाने घ्यायचे, विषातल्या फॉस्फोलिपेज विकरांना अडवणारे. भारत आणि अमेरिकेतल्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. एकूण निकाल अपेक्षेइतका आला नाही, पण दंशानंतर पाच तासांच्या आत औषध मिळालेल्यांत सुधारणेची चिन्हे दिसली.

हे पाच तास वाडीवरून निघून रस्त्यावर येण्यात, रिक्षा मिळण्यात आणि तालुका गाठण्यात जातात. त्यात आवळून दोरी बांधणे, जखम चिरणे, विष चोखणे, कुणाकडे उतरवून घेणे यांची भर पडली तर हातचा वेळ संपतो. दंश झालेला हात किंवा पाय न हलवता, धीर देत, थेट दवाखान्यात नेणे एवढेच घरच्यांनी करायचे आहे. विंचू चावल्यावर नुसता ठणका असेल तर त्यावरचे औषध पुरते, पण घाम आणि उलटी सुरू झाली, हातपाय गार पडले, तर प्राझोसिन असलेला दवाखाना गाठायलाच हवा.

२०२० मध्येच वारेस्प्लॅडिब आणि मॅरिमास्टॅट ही दोन औषधे एकत्र देऊन फुरसे, घोणस अशा अनेक सापांच्या विषापासून उंदरांचा जीव वाचल्याचे दाखवले गेले, आणि त्या सापांत आपल्याकडचे फुरसेही होते. मॅरिमास्टॅट मुळात कर्करोगासाठी बनवलेले. ही जोडगोळी माणसावर तपासायची तर फुरसे चावलेले रुग्ण जिथे नेमाने येतात अशी रुग्णालये लागतील, आणि ती रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहेत.